दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशेब स्वतः कसा करायचा

लंडनचा हीथ्रो ते न्यू यॉर्कचा केनेडी, एवढंच शोधून बघा. एक ठिकाण अंतर ५,५४० किलोमीटर सांगतं, दुसरं ५,५५५. वेळेचं तर विचारूच नका. कुठे साडेसहा तास, कुठे सव्वासात, तिकिटावर आठ. शिवाय तिकिटावर छापलेल्या सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांची वजाबाकी केली तर हातात उरतात तीनच तास. यातलं काहीच चुकीचं नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, फक्त तो प्रश्न कोणता हे कुणी लिहून ठेवत नाही.

म्हणून आधी ठरवा की हा आकडा कशासाठी हवाय. कार्बन उत्सर्जन किंवा उड्डाणाच्या उशिराची नुकसानभरपाई मोजायची असेल तर पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सरळ अंतर पुरतं. पुढचं विमान पकडायचं असेल तर गेटपासून गेटपर्यंतचा वेळ हवा, हवेतला नव्हे. घ्यायला येणाऱ्याला वेळ कळवायची असेल तर तिथल्या घड्याळात किती वाजलेले असतील तेवढंच कामाचं. खालचा हिशेब टप्प्याटप्प्याने मांडला आहे. गरज भागली की तिथेच थांबलात तरी चालेल.

पहिली पायरी: शहर नको, विमानतळ पकडा

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण मोठ्या चुका इथेच होतात. लंडन म्हणजे हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असं बरंच काही. टोकियो म्हणजे हानेडा किंवा नारिता, आणि या दोघांमध्येच साठेक किलोमीटरचं अंतर. फ्रँकफर्ट-हान या विमानतळाच्या नावात फ्रँकफर्ट असलं तरी तो त्या शहरापासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब आहे. नावं एकसारखी असण्याचा घोटाळा वेगळाच: सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही, बर्मिंगहॅम इंग्लंडात आहे तसं अमेरिकेतल्या अलाबामातही.

यावर उपाय म्हणजे कोड. प्रवाशांना दिसतो तो 'आयाटा'चा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, तीन अक्षरी कोड: हीथ्रोचा एलएचआर, केनेडीचा जेएफके. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक वापरतात तो 'इकाओ'चा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेचा, चार अक्षरी: ईजीएलएल आणि केजेएफके. कोणताही चालेल, पण एक लक्षात ठेवा. तीन अक्षरी कोडमध्ये काही कोड अख्ख्या शहराचे असतात. एलओएन म्हणजे लंडनचे सगळे विमानतळ, टीवायओ म्हणजे टोकियोचे. तिकीट शोधायला ते सोयीचे असतात, अंतर मोजायला निरुपयोगी.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांश

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केलेले असतात. विश्वकोशातल्या पानावर किंवा विमानतळांच्या कुठल्याही सूचीत ते सापडतात. बहुतेकदा ते अंश, मिनिटं, सेकंद अशा रूपात दिलेले असतात; हिशेबासाठी त्यांचा दशांश करावा लागतो. मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३,६०० ने, आणि अंशांत मिळवा. हीथ्रोचा अक्षांश ५१ अंश २८ मिनिटं ३९ सेकंद उत्तर, म्हणजे ५१.४७७५. रेखांश ० अंश २७ मिनिटं ४१ सेकंद पश्चिम, म्हणजे ०.४६१४. केनेडीचे आकडे ४०.६३९७ उत्तर आणि ७३.७७८९ पश्चिम.

दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायचे. हे उणे चिन्ह विसरण्याची चूक कधी लगेच उघडी पडते, कधी लपून राहते. टोकियो नारिता ते सॅन फ्रान्सिस्को मोजताना ते विसरलं तर ८,२०० किलोमीटरच्या जागी जेमतेम १,६०० येतात आणि कुणालाही शंका येते. पण हीथ्रो शून्य रेखांशाला इतका चिकटून आहे की त्याचं उणे चिन्ह राहून गेलं तर उत्तर फक्त साठेक किलोमीटरने फुगतं. तेवढा फरक सहज पचून जातो. अशा चुका शोधून काढणं जास्त अवघड.

तिसरी पायरी: बृहद्वृत्तावरचं अंतर

सपाट नकाशावर पट्टी ठेवून दोन विमानतळ जोडले तर जी रेघ येते ती सहसा सर्वांत जवळची वाट नसते. गोलाच्या पृष्ठभागावर दोन बिंदूंमधली सर्वांत छोटी वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा, अर्थात ग्रेट सर्कलचा तुकडा: गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर उमटवलेलं वर्तुळ. विषुववृत्त आणि सगळी रेखावृत्तं बृहद्वृत्तंच आहेत. बाकीची अक्षवृत्तं मात्र नाहीत. म्हणूनच टोकियो आणि न्यू यॉर्क यांच्या अक्षांशांत फारसा फरक नसूनही त्यांच्यातली जवळची वाट पॅसिफिकच्या मधोमध न जाता अलास्काच्या बाजूने वर चढून जाते. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणांवर दोरा ताणून धरा, हे लगेच दिसेल. दोऱ्याची लांबी गोलावरच्या विषुववृत्ताच्या लांबीशी ताडून पाहिली तर अंदाजे अंतरही निघतं, आणि ते वाटतं त्यापेक्षा बरंच अचूक असतं.

आकडेमोडीसाठी गोलीय त्रिकोणमितीचं एकच सूत्र पुरतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या कोनाचा कोसाइन. आपल्या उदाहरणात:

अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.७८२४ × ०.६५१३ = ०.५०९६

रेखांशांतला फरक: ७३.७७८९ − ०.४६१४ = ७३.३१७५ अंश, त्याचा कोसाइन ०.२८७१

कोसाइनचा गुणाकार: ०.६२२८ × ०.७५८८ × ०.२८७१ = ०.१३५७

बेरीज: ०.६४५३, म्हणजे कोन सुमारे ४९.८१ अंश

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.२ किलोमीटर पडतात. ४९.८१ ला १११.२ ने गुणलं की ५,५३९ येतात. चार दशांश स्थळांवर थांबलो नसतो तर आणखी अर्धाएक किलोमीटर वाढला असता, ५,५४० धरू.

हवाई क्षेत्रात अंतर नॉटिकल मैलांत सांगतात, आणि ते काढणं त्याहून सोपं: कोनाला ६० ने गुणा. नॉटिकल मैल मुळात अक्षांशाच्या एका मिनिटाएवढ्या लांबीवरूनच आलेला आहे. १९२९ मध्ये मोनॅको इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो १.८५२ किलोमीटर असा पक्का केला गेला. आपलं उत्तर सुमारे २,९९० नॉटिकल मैल. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो. दोन ठिकाणचे आकडे पंधरा टक्क्यांनी वेगळे दिसले तर आधी या दोन मैलांची सरमिसळ झाली आहे का ते बघा.

संगणकावरच्या तक्त्यात हेच सूत्र घालताना एक खोडा असतो. तिथली साइन-कोसाइन फलं अंश घेत नाहीत, रेडियन (कोन मोजण्याचं दुसरं एकक) घेतात. आधी रूपांतर केलं नाही तर येणारं उत्तर निव्वळ निरर्थक असतं. शेवटी मिळणारा कोनही रेडियनमध्येच असतो, त्याला थेट ६,३७१ ने गुणायचं. विमानतळ फार जवळजवळ असतील तर हॅवरसाइन नावाचं सूत्र वापरतात, कारण अगदी छोट्या कोनांचे कोसाइन १ च्या इतके जवळ असतात की मोजक्या दशांश स्थळांत त्यांच्यातला फरकच हरवतो. आजच्या संगणकावर हा प्रश्न क्वचितच येतो.

आता सुरुवातीच्या ५,५५५ कडे वळू. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. हा चपटेपणा धरून काढलेलं अंतर नेमकं असतं, आणि हीथ्रो-केनेडीच्या बाबतीत ते गोलावरच्या अंतरापेक्षा पंधराएक किलोमीटरने जास्त भरतं. गोल धरल्याने होणारी चूक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. प्रवासी म्हणून विचाराल तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. पुढच्या पायऱ्यांमध्ये येणाऱ्या फरकांपुढे ती काहीच नाही.

हे सगळं हाताने करायचा कंटाळा असेल तर ग्रेट सर्कल मॅपरसारख्या संकेतस्थळावर दोन कोड टाकले की रेघेसकट अंतर मिळतं. गुगल मॅप्सवरचं अंतर मोजण्याचं साधनही बृहद्वृत्तच धरतं. तरी एकदा स्वतः करून बघावं असं मला वाटतं, कारण पुढे कुठला आकडा खटकला तर तो का खटकतोय हे समजतं. आणखी एक साधी कसोटी: पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर २०,००० किलोमीटरच्या फार पुढे जाऊच शकत नाही, तो परिघाचा अर्धा भाग झाला. उत्तर त्याहून मोठं आलं असेल तर कुठेतरी चुकलं आहे.

चौथी पायरी: विमान प्रत्यक्षात किती उडतं

बृहद्वृत्त ही भूमितीची वाट. विमानाची वाट तिच्यापेक्षा जवळजवळ नेहमीच लांब असते. वाऱ्याच्या दिशेमुळे धावपट्टी उलट्या बाजूची मिळाली तर उड्डाणानंतर मोठं वळण घ्यावं लागतं. उतरताना विमानांची रांग असते. वाटेत वादळी ढग असतात, लष्करासाठी राखलेली हद्द असते. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळात पोहोचता येईल असा विमानतळ आवाक्यात ठेवावा लागतो. उंच पर्वतांवरचं उड्डाण तर वेगळंच प्रकरण आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटच्या पठारावर जमीनच त्याहून उंच आहे. त्यामुळे तिथली सरळ वाट सहसा टाळली जाते.

या सगळ्यासाठी सरासरी वाढ धरायची तर इकाओच्या कार्बन गणकयंत्राची पद्धत हाताशी असू द्या. बृहद्वृत्ताचं अंतर ५५० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ५० मिळवा, ५५० ते ५,५०० असेल तर १००, त्यापुढे १२५. आपल्या ५,५४० चे होतात ५,६६५.

ही सरासरी झाली. ती कोलमडते ती राजकारणापुढे. हेलसिंकी ते टोकियो हे बृहद्वृत्ताचं अंतर ७,८०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि जवळची वाट थेट रशियावरून जाते. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि साडेनऊ तासांच्या आसपासचं हे उड्डाण तेरा तासांवर गेलं. कधी उत्तर ध्रुवावरून, कधी दक्षिणेचा वळसा घालून. विमानतळ जागेवर, सूत्र तेच, अंतराचा आकडाही तोच. वेळ मात्र तिसऱ्या हिश्श्याने वाढली. म्हणून कुठल्याही लांबच्या मार्गाचा हिशेब करण्याआधी उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या मार्गाचं कालचं किंवा परवाचं विमान नेमकं कुठून गेलं ते पाहून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

पाचवी पायरी: वेग, आणि तो कुणाच्या सापेक्ष

जेट विमानाचा वेग माखमध्ये सांगतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पटीत. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ साधारण ०.७८ माखने उडतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० साधारण ०.८५ ने. पण ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. जमिनीवर १५ अंश तापमानात तो ताशी १,२२५ किलोमीटर असतो. अकरा किलोमीटर उंचीवरच्या उणे ५६ अंशांच्या हवेत १,०६२ वर येतो. म्हणून ०.७८ माख म्हणजे तिथे ताशी सुमारे ८३० किलोमीटर आणि ०.८५ म्हणजे सुमारे ९००. पंखेवाली एटीआर ७२ सारखी विमानं ताशी ५०० च्या आसपास जातात, तेव्हा विमान कोणतं हे तिकिटावर बघायला विसरू नका.

हा वेग आजूबाजूच्या हवेच्या सापेक्ष आहे, आणि ती हवाच वाहत असते. जमिनीच्या सापेक्ष वेग हवा असेल तर पाठीवरचा वारा मिळवायचा, समोरचा वजा करायचा. मध्य अक्षांशांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीम असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. म्हणूनच न्यू यॉर्कहून लंडनला जाताना लागतो त्यापेक्षा परतीला तासभर जास्त लागतो. (पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून असं होतं हा समज अजूनही भेटतो. हवा आणि विमानतळ दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरतात; फरक पडतो तो वाऱ्याने.)

फेब्रुवारी २०२० मध्ये किएरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ केनेडीहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर होता. तरीही ते स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, उड्डाण नव्हतं, कारण हवेच्या सापेक्ष ते नेहमीच्याच वेगाने जात होतं. कॉनकॉर्डने हेच अंतर फेब्रुवारी १९९६ मध्ये २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं होतं, ते मात्र खरोखर ध्वनीच्या दुप्पट वेगाने.

वाऱ्याचा आणखी एक डाव असा की जाताना मिळालेला फायदा आणि येताना झालेला तोटा एकमेकांना फेडत नाहीत. ५,६०० किलोमीटरचा मार्ग आणि ताशी ९०० चा वेग धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन १२ तास २७ मिनिटं. ताशी १०० चा वारा असेल तर जाताना ५ तास ३६ मिनिटं, येताना ७ तास, एकूण १२ तास ३६ मिनिटं. नऊ मिनिटं गेली कुठे? समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं, म्हणून त्याचा मारही जास्त वेळ बसतो.

यावरून पुढची गोष्ट ओघाने येते: सर्वांत कमी अंतराची वाट सर्वांत कमी वेळाची असेलच असं नाही. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता हजाराहून जास्त किलोमीटरने लांबला, पंधरा हजारांच्या पुढे गेला. पण वारा समोरून लागण्याऐवजी पाठीवर आला आणि वेळ कमी झाला. पहिली फेरी साडेचौदा तासांच्या आसपास पूर्ण झाली. उत्तर अटलांटिकवर तर विमानांच्या समांतर वाटा रोज नव्याने आखल्या जातात. पूर्वेकडे जाणाऱ्या वाटा जेट स्ट्रीमचा फायदा घेणाऱ्या, पश्चिमेकडच्या त्याला चुकवणाऱ्या.

मग हिशेबात वारा किती धरायचा? रोजचा अंदाज हाताशी नसेल तर मध्य अक्षांशांतल्या लांबच्या मार्गांवर मी पूर्वेकडे ताशी ९० किलोमीटर मिळवतो आणि पश्चिमेकडे ७० वजा करतो. हे आकडे माझे कामचलाऊ आहेत. उन्हाळ्यात थोडे कमी करावेत, हिवाळ्यात वाढवावेत. उत्तर-दक्षिण मार्गांवर आणि विषुववृत्ताजवळ शून्य धरलं तरी फारसं बिघडत नाही.

सहावी पायरी: चढ, उतार आणि जमिनीवरची मिनिटं

विमान पूर्ण वेगाने उडतं ते फक्त मधल्या टप्प्यात. चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ३६,००० फुटांवरून उतरायला सुरुवात होते ती विमानतळाच्या साधारण २०० किलोमीटर आधी. १०,००० फुटांच्या खाली बहुतेक ठिकाणी २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. या सगळ्यासाठी लांबच्या उड्डाणात पंधरा मिनिटं जादा धरा.

त्यानंतर जमीन. विमान कंपन्या मोजतात तो वेळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तिकिटावर छापलेला कालावधी हाच असतो. त्यात विमान मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं सगळं आलं. मोठ्या विमानतळावर निघताना वीस आणि पोहोचल्यावर दहा मिनिटं धरणं व्यवहार्य. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरची पोल्डरबान धावपट्टी मुख्य इमारतीपासून इतकी दूर आहे की तिथे उतरल्यावर गेट गाठायलाच दहा ते वीस मिनिटं जातात.

आता आपलं उदाहरण पुरं करू. हीथ्रोहून केनेडीला, पश्चिमेकडे: ५,६६५ भागिले (९०० − ७०) म्हणजे ६ तास ५० मिनिटं, अधिक १५, अधिक ३०, एकूण ७ तास ३५ मिनिटं. परत येताना: ५,६६५ भागिले (९०० + ९०) म्हणजे ५ तास ४३ मिनिटं, त्यात तीच पाऊण तासाची भर, एकूण ६ तास २८ मिनिटं. वेळापत्रकात साधारण आठ आणि सात तास असतात. उरलेली पंचवीस-तीस मिनिटं कुठून आली ते पुढच्या पायरीत.

छोट्या उड्डाणांना हा हिशेब लावू नका. हीथ्रो ते पॅरिसचा शार्ल द गॉल हे अंतर जेमतेम ३४८ किलोमीटर. विमान चढून स्थिरावतंय तोच उतरायची वेळ होते. तिथे हवेतला सरासरी वेग ताशी ५५० धरा. ३९८ किलोमीटरला ४३ मिनिटं आणि जमिनीवरची ३०, म्हणजे सव्वा तासाच्या आसपास. वेळापत्रकही जवळपास तेच सांगतं. गेट ते गेट सरासरी काढली तर ताशी ३०० किलोमीटरही पडत नाहीत. याचं टोक बघायचं तर स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे २.७ किलोमीटरचं नियमित उड्डाण आहे. वेळापत्रकात दोन मिनिटांच्या आसपास, विक्रम ५३ सेकंदांचा. दुसऱ्या टोकाला सिंगापूर ते न्यू यॉर्क, सुमारे १५,३५० किलोमीटर, अठरा तासांहून जास्त. तिथे अंतर भागिले वेळ केलं की ताशी ८०० च्या पुढे जातं. म्हणूनच 'अंतर भागिले ८५०, अधिक अर्धा तास' हे सर्वत्र वापरलं जाणारं ढोबळ सूत्र मधल्या अंतरांना ठीक बसतं, पण टोकांना फसतं.

सातवी पायरी: वेळापत्रकातली गादी

विमान कंपनी वेळापत्रक आखते तेव्हा सरासरी दिवसाचा वेळ छापत नाही, थोडा वाढवून छापते. कारण साधं आहे. अमेरिकेसह अनेक ठिकाणी पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर धरलं जातं, आणि वेळेवर असण्याची टक्केवारी जाहीर होते. चाळीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान दहाच मिनिटं उशिरा कसं पोहोचतं याचं गुपित वैमानिकाच्या कौशल्यात कमी आणि या वाढवलेल्या मिनिटांत जास्त असतं.

खरा वेळ हवा असेल तर उड्डाण क्रमांक घ्या आणि फ्लाइटअवेअर किंवा फ्लाइटरडार२४ वर त्याचे मागचे दहा-बारा दिवस बघा. सरासरी काढू नका. एखादा वाईट दिवस ती बिघडवतो. मधला आकडा घ्या. तिथे दोन प्रकारचे वेळ दिसतात: धावपट्टी सोडल्यापासून टेकेपर्यंतचा, आणि गेट ते गेट. तुलना करताना एकच प्रकार धरा. हंगामही तोच असू द्या. जुलैतल्या नोंदींवरून जानेवारीतला परतीचा प्रवास ठरवला तर अंदाज चुकेलच.

आठवी पायरी: घड्याळं जुळवणं

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. त्यांची थेट वजाबाकी करायची नाही. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा, मग वजा करा. जगभरची घड्याळं यूटीसीच्या १२ तास मागे ते १४ तास पुढे अशी पसरलेली आहेत. शिवाय सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात. भारत साडेपाच तास पुढे आहे, नेपाळ पावणेसहा.

उन्हाळी वेळेचा घोळ यावर कडी करतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मागे घेताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. त्यामुळे लंडन आणि न्यू यॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरक वर्षातले काही आठवडे चार तासांचाच असतो. जगातल्या कित्येक देशांत उन्हाळी वेळ नाहीच. म्हणून फरक पाठ करण्यापेक्षा प्रवासाच्या तारखेला तो किती आहे हे तपासा.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारखेकडे लक्ष द्या. टोकियोहून सोमवारी संध्याकाळी पाचला निघालेलं विमान साडेनऊ तास उडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरतं तेव्हा तिथे उन्हाळ्यात सोमवारचेच सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. उलट लॉस एंजेलिसहून रात्री साडेदहाला सिडनीकडे निघालेलं विमान पंधरा तासांत पोहोचतं, पण तारीख दोनाने पुढे गेलेली असते. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक एक, अधिक दोन असं छापलेलं असतं ते हेच. हॉटेलची रात्र चुकीच्या तारखेला राखून ठेवणारे बहुतेक जण हा बारीक आकडा न वाचलेले असतात.

मध्ये विमान बदलायचं असेल तर

अंतर प्रत्येक टप्प्याचं वेगळं काढून बेरीज करायची, वेळेत मधला मुक्काम मिळवायचा. चढ-उतार आणि जमिनीवरची मिनिटं दोनदा मोजली जातात, त्यामुळे अंतर फारसं न वाढताही एका थांब्याने मुक्काम सोडूनच पाऊण तास जातो. एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणं असतील तर त्या विमानतळासाठी ठरवलेला किमान वेळ पाळला गेलेला असतो. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घेणं, पुन्हा देणं आणि तपासणी हे सगळं तुमच्या वेळात जातं. विमानतळ बदलावा लागत असेल, उदाहरणार्थ नारिताहून हानेडाला, तर रस्त्याचा वेळही.

नुकसानभरपाईसाठी अंतर काढत असाल तर मात्र टप्प्यांची बेरीज करू नका. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात १,५०० आणि ३,५०० किलोमीटर अशा पायऱ्या आहेत आणि त्या बृहद्वृत्ताच्या अंतरावर ठरतात. एकाच आरक्षणातल्या जोडउड्डाणांत ते अंतर पहिल्या विमानतळापासून शेवटच्यापर्यंत थेट मोजलं जातं, विमान मध्ये कुठूनही वळून गेलेलं असो. पोहोचण्याची वेळही तिथे वेगळी ठरते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की चाकं टेकली किंवा विमान गेटला लागलं म्हणजे पोहोचणं नव्हे. प्रवाशांना उतरता यावं म्हणून किमान एक दार उघडलं जाईल तो क्षण धरायचा. भरपाई मिळायला लागणाऱ्या तीन तासांच्या उशिराच्या काठावर असाल तर दार उघडताना घड्याळाचा फोटो काढून ठेवा.